ईसीजीवरून हार्ट अटॅकमध्ये हृदयाचं झालेलं नुकसान मोजायला शिकतोयस ना, मग हे वाच

भावा, एसटी (ईसीजीत ठोक्याच्या टोकदार लहरींनंतरचा सपाट भाग) किती मिलिमीटर वर गेलाय एवढं बघून नातेवाइकांना ‘इतका स्नायू गेला’ असं सांगून मोकळा होऊ नकोस. एसटी दाखवतो धोक्यात आलेला भाग. मेलेला किती, ते नंतर क्यूआरएसमध्ये, म्हणजे त्या टोकदार लहरींमध्ये उमटतं; पहिली खाली जाणारी क्यू, वर जाणारी आर. त्यासाठी सेल्व्हेस्टर स्कोअर, म्हणजे या लहरींवरून मेलेला भाग मोजायची गुणपद्धत, नीट बसून शिक. क्यूची रुंदी, आरची उंची यांना गुण द्यायचे. एक गुण म्हणजे डाव्या व्हेंट्रिकलचा (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा) साधारण ३ टक्के भाग. किचकट आहे, पण हात बसतो.

त्याआधी लीड (अंगावर चिकटवलेल्या ईसीजीच्या तारा) बघ, स्वतः. छातीवरच्या व्ही१, व्ही२ चौथ्या बरगडीखालच्या फटीत हवेत. घाईत ते दुसरीत चिकटवले की आर बारीक होतो आणि नसलेला अँटेरोसेप्टल (हृदयाच्या पुढच्या भागाचा आणि मधल्या पडद्याचा) अटॅक कागदावर दिसतो. तिसऱ्या लीडमधला एकटा क्यू बघून तर मुळीच घाबरू नकोस.

गगनबावड्याहून रात्री आलेल्या पेशंटचा सकाळचा इको (हृदयाची सोनोग्राफी) फार मनावर घ्यायचा नाही. रक्त परत मिळालं तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न असतो. सहा आठवड्यांनी परत कर, मग ईएफबद्दल (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं) बोल.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर दहा ते वीस मिनिटांनी व्रण पांढरा दिसतो. भिंतीची निम्म्याहून जास्त जाडी पांढरी असेल, तर तो भाग सुधारायची आशा कमी. पहिल्या आठवड्यात सुजेमुळे डाग मोठा वाटतो. आणि पाठवण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघ, नाहीतर रेडिओलॉजीवाले तिथूनच परत पाठवतील.