वाचकांचे प्रश्न : अधिकृत मॉड बरे की स्वतंत्र मॉड?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संगणकावर ‘स्कायरिम’ची स्पेशल एडिशन नुकतीच घेतली असून आता मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या किंवा भर घालणाऱ्या फाइल, बसवायचे आहेत. माझ्या मित्राचे म्हणणे असे, की गेमच्या मेनूतल्या अधिकृत ‘क्रिएशन्स’खेरीज दुसरे काहीही वापरू नये, कारण नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावरचे, विशेषतः ‘एसकेएसई’ हा जोडप्रोग्रॅम लागणारे मॉड, अपडेट आला की बंद पडतात. हे खरे आहे का? आणि कंपन्या या मॉड बनवणाऱ्या स्वतंत्र मॉडर मंडळींनाच पूर्ण पाठिंबा का देत नाहीत? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मित्राचे निरीक्षण बरोबर आहे; त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मॉड कोठून घेतला यापेक्षा तो गेमच्या कोणत्या भागाला हात घालतो, हे आधी पाहावे लागते.

‘स्कायरिम’ बनवणारी बेथेस्डा ही कंपनी मॉडना मनाई करणाऱ्यांपैकी नाही. २००२ मध्ये ‘मॉरोविंड’ या आधीच्या गेमबरोबरच तिने कन्स्ट्रक्शन सेट हे मॉड बनवण्याचे साधन दिले होते, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये ‘स्कायरिम’ आल्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये तसेच क्रिएशन किट सर्वांना मोफत खुले केले. या किटमधून तयार होणाऱ्या प्लगइन फाइलमध्ये मुख्यतः माहिती असते : नवी तलवार, नवे गाव, एखाद्या पात्राचे नवे संवाद. ती वाचण्याची सोय इंजिनातच असल्यामुळे गेमची आवृत्ती बदलली, तरी अशी फाइल बहुधा चालत राहते, मग ती क्रिएशन्समधून घेतलेली असो वा नेक्ससवरून.

एसकेएसईचे, म्हणजे ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’चे, तसे नाही. तो गेम चालू असताना मेमरीत शिरतो आणि मूळ गेममध्ये नसलेल्या सोयी मॉडरांना उपलब्ध करून देतो. त्यासाठी गेम चालवणाऱ्या मुख्य एक्झी (.exe) फाइलमधले कोणते फंक्शन नेमक्या कोणत्या पत्त्यावर आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. कंपनीने किरकोळ दुरुस्ती करून एक्झी पुन्हा कंपाइल केली, म्हणजे कोडवरून नव्याने तयार केली, तरी हे पत्ते सरकतात आणि एसकेएसईला नव्याने जुळवून घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली तेव्हा कंपायलरच बदललेला होता. त्यामुळे नुसते नवे पत्ते शोधून भागले नाही. एसकेएसईवर चालणारे अनेक डीएलएल (कोड असलेले) प्लगइन पुन्हा बांधावे लागले, आणि ज्यांच्या कर्त्यांनी तोवर मॉडिंग सोडले होते, ते जुन्या आवृत्तीपुरतेच उरले.

इतका त्रास असताना हा मार्ग घ्यायचा कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्याचे उत्तर ‘स्काययूआय’ (SkyUI) या मॉडमध्ये सापडते. स्कायरिमचा मूळ मेनू कन्सोलचा कंट्रोलर डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे; सामानाची लांबलचक यादी समोर येते आणि वजन, किंमत पाहण्यासाठी एकेका वस्तूवर जावे लागते. स्काययूआयने त्या यादीला रकाने दिले, क्रमवारी दिली, शोधण्याची चौकट दिली. शिवाय इतर मॉडना आपापल्या सेटिंग्ज मांडता येतील असा एक सामायिक मेनूही दिला, आणि आज असंख्य मॉड त्याच मेनूवर विसंबून आहेत. निव्वळ क्रिएशन किटच्या बळावर हे झाले नसते. एसकेएसई कन्सोलवर चालत नसल्यामुळे त्यावर बेतलेले हे काम तेथील खेळाडूंपर्यंत पोहोचले नाही. स्पेशल एडिशनच्या वेळी कन्सोलवर अधिकृत मॉड आले तेही मर्यादांसकटच : एक्सबॉक्स वनवर ५ जीबी जागा, प्लेस्टेशन ४ वर १ जीबी, आणि प्लेस्टेशनवर तर बाहेरून आणलेले चित्र, आवाज किंवा मॉडेल वापरायलाच बंदी. अधिकृत व्यवस्थेत काय बसवायचे, हे मॉडर ठरवत नाही.

पैशांचा इतिहासही तुम्हाला ठाऊक असायला हवा. २३ एप्रिल २०१५ रोजी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातील वर्कशॉपवर स्कायरिमचे मॉड विकण्याची सोय सुरू झाली आणि खेळाडूंच्या संतापामुळे २७ एप्रिलला ती गुंडाळावी लागली. विक्रीतला २५ टक्के वाटा मॉडरचा आणि उरलेला स्टीमची मालक व्हॉल्व्ह व बेथेस्डा यांचा होता. मॉडरला पैसे मिळण्याला माझा मुळीच विरोध नाही, वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्या माणसाला मोबदला मिळालाच पाहिजे. पण मॉड हे एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. एकाने मोफत दिलेली चौकट दुसऱ्याच्या विकाऊ मॉडमध्ये असते, आणि त्या चार दिवसांत याचा कोणताच नीट विचार झालेला दिसला नाही. पुढे २०१७ मध्ये क्रिएशन क्लब हे बेथेस्डाचे अधिकृत दुकान आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याची जागा क्रिएशन्सने घेतली. क्रिएशन क्लबसाठी गेमचे अपडेट येत राहिले आणि प्रत्येक नव्या एक्झीगणिक एसकेएसईची मोडतोड होत राहिली.

मात्र त्याच क्रिएशन क्लबमुळे एक उत्तम गोष्ट मिळाली, तीही सांगितली पाहिजे. स्कायरिममध्ये पूर्ण आकाराचे प्लगइन जेमतेम अडीचशे बसतात. ही अडचण जुनी होती. क्रिएशन क्लबसाठी कंपनीने ‘ईएसएल’ हा हलका प्रकार आणला, ज्याच्या ४०९६ फाइल मिळून एकाच जागेत मावतात. स्वतंत्र मॉडरांनी तो लगेच उचलला आणि आज नेक्ससवरचे शेकडो छोटे मॉड याच प्रकारात येतात. मला अधिकृत पाठिंब्याचे हेच रूप सर्वांत मोलाचे वाटते : कंपनीने इंजिनात सोय करावी आणि तिचा वापर कोणी, कसा करायचा, ते लोकांवर सोडावे.

कंपन्या पूर्ण पाठिंबा का देत नाहीत, याचे कारण जबाबदारीत आहे. एखादी सोय अधिकृत म्हणून जाहीर केली, की प्रत्येक अपडेटमध्ये ती टिकवण्याचे बंधन येते, कन्सोल बनवणाऱ्यांच्या अटी पाळाव्या लागतात आणि मॉडमध्ये कोणा तिसऱ्याचे साहित्य निघाले तर उत्तर द्यावे लागते. पण पाठिंबा नसला, तरी जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवणे एवढे तर कंपनीला सहज करता येते, आणि त्याने फार मोठा फरक पडतो. अपडेटचा फटका कसा बसतो ते पाहा : ‘फॉलआउट : लंडन’ हा बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’साठीचा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ रोजी यायचा होता, त्या गेमचा मोठा अपडेट २५ एप्रिलला येणार असल्याचे कळल्यावर त्या चमूला तारीख पुढे ढकलावी लागली, आणि अखेर २५ जुलैला जीओजी या दुकानाच्या साहाय्याने तो प्रसिद्ध झाला.

स्वतंत्र समुदायातही सगळे मॉडरच्या मनासारखे होते असे नाही. नेक्सस मॉड्सने जुलै २०२१ मध्ये मॉडरचा आपली फाइल कायमची काढून टाकण्याचा हक्क बंद करण्याचे जाहीर केले, आणि काही नावाजलेल्या मॉडरांनी आपले काम तेथून हलवले. ‘अधिकृत म्हणजे तपासलेले’ असा मित्राचा भरवसा असेल, तर तोही तपासून घ्या, कारण क्रिएशन्समधले मोफत मॉड सामान्य खेळाडूंनीच चढवलेले असतात.

तुम्ही असे करावे. स्टीममध्ये गेमच्या गुणधर्मांत जाऊन, गेम सुरू करतानाच अपडेट व्हावा, असा पर्याय निवडा आणि यापुढे गेम स्टीमच्या बटणाऐवजी एसकेएसईच्या लोडरने सुरू करा. मुख्य एक्झीची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मॉड ऑर्गनायझर २ हा मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम वापरलात तर मॉडच्या फाइल गेमच्या डेटा फोल्डरमध्ये मिसळत नाहीत, त्यामुळे चूक निस्तरणे सोपे जाते. आणि खेळ मध्यावर आला असताना स्क्रिप्ट असलेला मॉड काढू नका; त्याचे अवशेष साठवलेल्या खेळात (सेव्हमध्ये) राहतात.

प्रश्न : ‘स्टारड्यू व्हॅली’ माझ्या मुलीला फार आवडते. तिच्यासाठी हा खेळ मराठीत आणावा अशी इच्छा आहे. खेळात मराठी नाही, हिंदीही नाही. निर्मात्याच्या परवानगीवाचून, घरच्या घरी हे शक्य आहे का? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी आडमार्गाने जाण्याची गरज नाही. २०१६ मध्ये आलेला हा खेळ एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवला आणि मॉडच्या बाबतीत त्यांनी दुकान न उघडता खेळाच्या रचनेतच जागा करून दिली. स्वतंत्र समुदायाने बनवलेला ‘एसएमएपीआय’ हा लोडर मॉड चालवतो, आणि त्यावरच्या ‘कंटेंट पॅचर’मुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही साध्या जेसन फाइल लिहून संवाद बदलता येतात. नोव्हेंबर २०२१ च्या १.५.५ आवृत्तीत बॅरोन यांनी मॉडद्वारे संपूर्ण नवी भाषा जोडण्याची सोय केली. मार्च २०२४ च्या १.६ मध्ये आणखी कितीतरी गोष्टी कोडमधून काढून मॉडरांना बदलता येतील अशा डेटा फाइलमध्ये ठेवल्या.

तुमची खरी कसोटी लिपीत आहे. अशा नव्या भाषेसाठी खेळ बिटमॅप फॉन्ट वापरतो, म्हणजे एका अक्षरचिन्हाला एक चित्र, आणि ती चित्रे आलेल्या क्रमाने मांडली जातात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतरची, पण लिहिताना अक्षराच्या आधी येते. जोडाक्षरांना तर स्वतंत्र आकार असतात. त्यामुळे मजकूर जसाच्या तसा टाकला, तर शेतीच्याच या खेळात ‘शेतकऱ्याची’ हा शब्द तुटलेल्या ‘ऱ्या’सह दिसेल. उपाय कष्टाचा आहे : लागणाऱ्या प्रत्येक जोडाक्षराचे चित्र फॉन्टमध्ये घालून त्याला युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीच्या खासगी वापराच्या भागातला एक क्रमांक द्यावा, आणि मजकूर खेळात घालण्याआधी एखाद्या छोट्या प्रोग्रॅमने त्या क्रमांकांत व दिसण्याच्या क्रमात बदलून घ्यावा. शाळेतला संगणक शिकवणारा एखादा सहकारी हे नक्की करून देईल.

संवादांच्या फाइलमधील चिन्हे मात्र जपा. ‘@’ च्या जागी खेळाडूचे नाव येते. ‘$h’ मुळे बोलणाऱ्याचा हसरा चेहरा दिसतो. ‘^’ या चिन्हाच्या अलीकडे मुलग्यासाठीचे वाक्य आणि पलीकडे मुलीसाठीचे वाक्य लिहायचे असते, आणि मराठीसाठी ही सोय फारच कामाची आहे : इंग्रजीतल्या ज्या वाक्याला तिची गरज पडली नाही, तेथेही ‘कधी आलास?’ आणि ‘कधी आलीस?’ असे दोन्ही तुम्हाला लिहिता येतील. सबंध खेळ हाती न घेता आधी एकाच गावकऱ्याची संवादफाइल पूर्ण करा, तीत ‘ज्ञ’, ‘स्त्री’, ‘किल्ली’ आणि ‘शेतकऱ्याची’ हे शब्द मुद्दाम येऊ द्या, आणि ते पडद्यावर नीट उमटले की मगच पुढच्या पात्राकडे वळा.