अभ्यासही संघानेच करावा

चोपडा
जूनअखेर

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कॉलेज सांभाळून गावच्या हायस्कूलमधील १७ वर्षांखालील कबड्डी संघाला अभ्यासात मदत करण्याचे तू मनावर घेतले आहेस आणि सुरुवात कुठून करावी, असे विचारले आहेस. सुरुवात पाठ्यपुस्तकापासून न करता एसटीच्या वेळापत्रकापासून कर. संघातील बरीच मुले आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. शाळा सुटल्यावर सराव आणि सराव आटोपताच शेवटची गाडी, अशा धावपळीत अभ्यासाला जागा उरत नाही. आणि घरी गेल्यावर गुरांचे पाहून, जेवून, दमलेल्या अंगाने पुस्तक उघडणारी मुले फार थोडी असतात. म्हणून अभ्यासाचा अर्धा-पाऊण तास सरावाच्या आधी ठेव. नंतर ठेवलेली गोष्ट पहिल्या पावसात किंवा पहिल्या उशिरात बुडते. आधी ठेवली की मुले कुरकुरतील, पण हजर राहतील, कारण त्यांना पुढे खेळायचे असते.

आता मुख्य मुद्दा. अभ्यासात मागे पडलेला खेळाडू हा एकट्याचा प्रश्न मानून त्याला बाजूला बसवून शिकवू नकोस. तसे केलेस की तो संघाच्या नजरेत ‘ढ’ ठरतो आणि तू आणखी एक शिकवणीचा मास्तर ठरतोस. संघात बारा जण असतील, तर तिघातिघांचे चार गट पाड आणि प्रत्येक गटात एक दहावीचा, एक नववीचा आणि जमल्यास एक आठवीचा ठेव. मैदानावर डावा कोपरा सांभाळणारा जसा शेजारच्या मध्यरक्षकाकडे लक्ष ठेवतो, तसे या तिघांनी एकमेकांच्या वह्यांकडे लक्ष ठेवायचे. कोणाची वही अपुरी आहे, हे तुझ्या आधी त्याच्या गटाला ठाऊक असले पाहिजे. कर्णधार अभ्यासात हुशार असेलच असे नाही. तो नसेल तर त्याला जबरदस्तीने गटप्रमुख करू नकोस. अभ्यासाचा कर्णधार वेगळा, बहुधा राखीव खेळाडूंपैकी एखादा, असला तर उलट बरेच होते. ज्याला सामन्यात उतरायला मिळत नाही, त्यालाही संघात मान मिळतो.

गटांतील बोलणे अहिराणीत, पावरीत, जसे होईल तसे होऊ दे. नववीचा मुलगा आठवीच्याला ‘समजनं का?’ असे विचारून जे समजावतो, ते प्रमाण मराठीतल्या व्याख्येपेक्षा लवकर उतरते. मात्र उत्तर लिहिताना ते पुस्तकी मराठीत लिहिण्याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो, कारण उत्तरपत्रिका त्याच भाषेत तपासली जाते.

खेळातून विषय शिकवण्याचा मोह तुला होईल. काही ठिकाणी तो उत्तम साधतो. नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा आहे आणि त्यात अंतर व विस्थापन यांतील फरक येतो. तो फळ्यावर शिकवण्याऐवजी मुलांना मध्यरेषेवर ने. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, उजव्या कोपऱ्यापर्यंत जातो, बोनस रेषेकडे झेपावतो आणि ज्या जागेवरून निघाला तिथेच परत येतो. तो किती धावला, ते पावलांनी मोजायला लाव. मग तो मूळ जागेपासून किती दूर आहे, ते विचार. विस्थापन शून्य कसे, हे त्या मुलांना पुन्हा सांगावे लागत नाही. परंतु प्रत्येक धडा असा मैदानावर मावत नाही. इतिहासातील सनावळी किंवा इंग्रजीतील क्रियापदांची रूपे ओढूनताणून कबड्डीत बसवायला गेलास, तर खेळही बिघडतो आणि धडाही. तिथे मुकाट्याने पाठांतर करावे.

खेळाडूंजवळ एक सवय आयती असते आणि तिचा उपयोग शाळेत फारसा कोणी करून घेत नाही. सामना संपल्यावर कोणत्याही चढाईपटूला विचार; समोरच्या संघाची रचना कशी होती, कोणत्या चढाईत कोणी घोट्याला धरले, लोन कधी बसला, म्हणजे सगळा संघ कधी बाद झाला, हे तो क्रमाने, न अडखळता सांगतो. हेच काम पुस्तकावर करून घे. एक पान वाचले की पुस्तक मिटायचे आणि गटातील दुसऱ्याला तोंडी सांगायचे. अडले तेवढेच पुन्हा उघडून पाहायचे. तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून सांगितलेले जास्त टिकते.

घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका हातात आल्या की सामन्यानंतर जशी बैठक होते तशीच बैठक घे. गेलेला प्रत्येक गुण कशाने गेला, ते मुलानेच सांगायचे: प्रश्न नीट वाचला नाही, येतच नव्हते, की येत असून वेळ पुरला नाही. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. वेळ न पुरलेल्या मुलाला आणखी पाठांतर लावून काही साधत नाही, त्याला घड्याळ लावून लिहायला बसवावे लागते.

नापास झालेल्याला संघातून काढावे का, हे तू विचारले आहेस. काही शाळांतून तसा दंडक असतो आणि पालकांनाही तो आवडतो. मला तो मान्य नाही. आपल्याकडील कितीतरी मुले निव्वळ मैदानासाठी शाळेत येतात. मैदान बंद केले की ती गणितात उत्तीर्ण होत नाहीत, ती शाळेतच यायची थांबतात, आणि दिवाळीनंतर आईवडील कामासाठी गुजरातकडे निघाले की त्यांच्यासोबत निघून जातात. सराव हे बक्षीस नव्हे आणि अभ्यास ही शिक्षा नव्हे, एवढे तुझ्या वागण्यातून दिसू दे. ज्याचे काम अपुरे आहे, त्याने ते त्या दिवशीच्या अर्ध्या तासात पुरे करावे आणि गटाने त्याच्यासाठी थांबावे.

स्पर्धांचे वेळापत्रक हाती पडले की लगेच वर्गशिक्षकांना भेट. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा चढत जातात आणि संघ जिंकत गेला की गैरहजेरी वाढत जाते, तीही नेमकी प्रथम सत्र परीक्षेच्या तोंडावर. त्या दिवसांत वर्गात काय शिकवले जाणार आहे, हे आधीच विचारून ठेव. वहीचे फोटो मोबाइलवर मागवून मुले निश्चिंत होतात. ते फोटो कोणी वाचत नाही. परत आल्यावर हाताने उतरवून घेतलेलेच खरे.

एक संघाची वही ठेव. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. तुझ्याकडून तेवढी अपेक्षा नाही, पण प्रत्येक सामन्याचा वृत्तान्त पाळीपाळीने एकेका खेळाडूने लिहावा. दहावीच्या मराठीत बातमीलेखन असतेच, आणि स्वतः खेळलेल्या सामन्याची बातमी लिहिताना ‘काय लिहू’ असे कोणी विचारत नाही.

पालकांना भेटशील तेव्हा मोठी स्वप्ने दाखवू नकोस. आपल्याकडे निम्म्या मुलांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते, तेव्हा तिचाच हिशेब सांग. शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते; मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाची शैक्षणिक अट त्यामुळे सुटत नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुणही आपोआप पदरात पडत नाहीत. प्रस्ताव शाळेमार्फत, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शिफारशीने, नाशिक विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती मुले घरी पत्र्याच्या पेटीत कुठेतरी टाकतात. त्या तू एकदा डोळ्यांखालून घाल आणि नावाची अक्षरे शाळेच्या दाखल्याशी जुळतात का, ते पाहा.

दहावीच्या मुलांचा सराव जानेवारीपासून कमी कर, पण पूर्ण बंद करू नकोस. रोज धावणारे शरीर एकदम बसवले की मुले चिडचिडी होतात आणि रात्री झोपत नाहीत. सातपुड्यातून आलेली मुले होळीला घरी जाणारच, त्यांना अडवू नकोस. होळी आणि बोर्डाचे पेपर बहुधा एकाच सुमारास येतात, म्हणून वेळापत्रक जाहीर होताच कोणत्या पेपराआधी परतायचे, ते त्यांच्या वडिलांशी बोलून ठरव आणि सोबत गटातला एक जण दे.

गट पाडलेस की यादी मला पाठव. गणिताला कोणी मिळत नसेल, तर तसे कळव; शनिवारी दुपारी मी मोकळा असतो.

कळावे,
तुझा जुना शिक्षक