व्हर्जिनिया-पेरिकचे दोन डबे, दोन चवी

पाइपच्या तंबाखूच्या दोन्ही डब्यांवर व्हर्जिनिया-पेरिकच (व्हर्जिनिया आणि पेरिक या दोन तंबाखूंचं मिश्रण) लिहिलंय आणि चव मात्र वेगळी लागली, म्हणजे तुमची जीभ बरोबर चाललीय. मोठा फरक व्हर्जिनियाच्या पानातच असतो. पिवळं पान आंबटगोड, सुक्या गवताच्या वासाचं. लाल पान पावाच्या वासाकडे झुकणारं. पेरिक मूळचं अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्याचं. पिंपात दाबून, स्वतःच्याच रसात महिनोन्‌महिने मुरवलेलं. सुक्या अंजिराची गोडी आणि मिरीसारखा झणका त्यातून येतो, म्हणून त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी मिश्रण बदलतं. डबा किती जुना आहे तेही बघा; मुरलेलं व्हर्जिनिया मऊ लागतं.

सध्या एवढंच सांभाळा:

- ओली तंबाखू लगेच भरू नका. चिमूट दाबून सोडली की ती उलगडली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर थोडा वेळ पसरून ठेवा.
- सावकाश ओढा. व्हर्जिनियात साखर भरपूर असते. घाई केली की पाइप तापतो, जीभ पोळते, आणि नवखे बिचाऱ्या पेरिकला दोष देतात.
- धूर छातीत घेऊ नका.

पाइपचे आकार, तंबाखूच्या कापाचे प्रकार नंतर बघू. आधी एकच डबा धरा आणि चार-पाच वेळा ओढून मगच मत बनवा.