वाचकांचे प्रश्न : लॅव्हेंडरच्या फुलांचे पाणी कशासाठी वापरावे?

प्रश्न : माझी सून जम्मूकडे सहलीला गेली होती, तेव्हा तिने भदरवाहहून लॅव्हेंडरच्या फुलांच्या पाण्याची बाटली आणली. गुलाबपाणी आमच्या घरात पूर्वापार आहे आणि लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलन वॉटरची पट्टी ठेवत असे. परंतु या पाण्याचे काय करायचे, हे आम्हां कोणालाच ठाऊक नाही. ते चेहऱ्याला लावावे, कपड्यांवर शिंपडावे की पोटात घेतले तरी चालते? घरी करता येते का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या बाटलीत नेमके काय आहे, हे आधी पाहावे, कारण या नावाने बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. पहिली वस्तू म्हणजे फुलांचा खरा अर्क. देठासकट कापलेली फुले भट्टीत भरून त्यांतून वाफ सोडतात आणि ती वाफ थंड केली की तेल हलके असल्याने वर तरंगते व खाली सुगंधी पाणी उरते. तेच हे पाणी. भदरवाह हे डोडा जिल्ह्यातले गाव असून, तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनच्या मदतीने मक्याऐवजी लॅव्हेंडर लावले आहे, तेव्हा आपल्याकडची बाटली याच प्रकारची असण्याचा संभव अधिक. दुसरी वस्तू म्हणजे स्पिरिटमध्ये तेल मिसळून केलेले युरोपीय पद्धतीचे अत्तर. यार्डलीचे १८७३ साली आलेले इंग्लिश लॅव्हेंडर त्याच घराण्यातले. तिसरी म्हणजे साध्या पाण्यात कृत्रिम वास मिसळलेला फवारा. लेबलावर ‘लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया फ्लॉवर वॉटर’ हा एकच घटक असेल तर तो अर्क समजावा. ‘परफ्यूम’ आणि ‘पॉलिसॉर्बेट’ (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) असे शब्द दिसले तर ती बाटली खोलीत फवारण्यापुरती ठेवावी, चेहऱ्याला लावू नये.

बाटली उघडल्यावर पुष्कळांची निराशा होते, कारण पावडरीच्या डब्यातला तो ओळखीचा गोड वास अर्काला येत नाही. त्याला हिरव्या पाल्याचा, किंचित वाळल्या गवताचा वास असतो. तेलाला गोडवा देणारे लिनॅलिल ॲसिटेट पाण्यात फारसे विरघळत नाही, उलट लिनॅलूल हा तेलातला दुसरा सुगंधी घटक त्या मानाने अधिक उतरतो, म्हणून हा फरक पडतो. तो भेसळीचा पुरावा मुळीच नव्हे. उलट ज्या पाण्याला साबणासारखा दाट वास येतो, त्याचाच मला अधिक संशय येतो.

युरोपात या पाण्याचा सर्वांत जुना घरगुती उपयोग कपड्यांसाठी आहे. इस्त्री करण्यापूर्वी सुती चादरींवर ते शिंपडत, आणि कपाटात मात्र पाणी न वापरता वाळलेल्या फुलांच्या पुरचुंड्या ठेवत, कारण त्या वासाने कसर दूर राहते असा अनुभव होता. मुंबईकरांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा. जून ते सप्टेंबरपर्यंत आपल्या कपाटांतला कुबट वास ओलाव्यामुळे येतो, आणि तो घालवण्यासाठी कपड्यांवर सुगंधी पाणी मारून कपाट बंद केले तर बुरशीला आयते खाद्य मिळते. तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर सुती सदऱ्यावर, उशीच्या अभ्र्यावर ते जरूर शिंपडावे, गरम इस्त्रीने पूर्ण वाळवावे आणि मगच घडी घालावी. पैठणी किंवा कोणत्याही रेशमी वस्त्रावर ते मारू नये, पाण्याचे डाग पडतात. वाफेच्या इस्त्रीच्या टाकीतही ते घालू नये.

त्वचेसाठी हे पाणी सौम्य असते, म्हणून दाढीनंतर, उन्हातून आल्यावर किंवा लोकलच्या गर्दीतून घामेघूम होऊन घरी परतल्यावर स्वच्छ धुतलेल्या चेहऱ्यावर ते कापसाने टिपावे. घामोळ्यांवर त्याने गारवा मिळतो. घामोळे बरे मात्र होत नाही. हवेशी संयोग झालेल्या लिनॅलूलची काहींना ॲलर्जी असते, त्यामुळे प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. ते निर्जंतुक नसते, म्हणून डोळ्यांत आणि उघड्या जखमेवर घालू नये.

आपल्या आईच्या कोलन वॉटरच्या पट्टीचे काम मुख्यतः त्यातले स्पिरिट करीत असे, कारण ते झपाट्याने उडून जाताना कपाळाची उष्णता घेऊन जाते. फुलांच्या अर्कात स्पिरिट नसते. थंड केलेल्या अर्काची पट्टी डोके दुखत असताना सुखद वाटेल, परंतु ताप उतरवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण असतात, तेव्हा ताप थर्मामीटरने मोजावा आणि डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. झोपेपूर्वी उशीवर फवारा मारल्याने मन शांत होते असे सांगणारे अनेक जण भेटतात आणि तसे करण्यात काही वावगे नाही. मात्र जर्मनीत अस्वस्थतेवर ज्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल देतात, त्या तेलाच्या असतात; त्यांचे गुण या पाण्याला चिकटवू नयेत. घरात मांजर असेल तर तिच्या अंथरुणाजवळ ते वापरू नये, कारण मांजराच्या यकृताला अशी सुगंधी द्रव्ये सहज हाताळता येत नाहीत.

पोटात घेण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर ते सरबतात किंवा खिरीत घालू नये, मग विक्रेता काहीही सांगो.

घरी करायचे तर ताजी फुले मुंबईत मिळणे कठीण, कारण या झाडाला कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. वाळलेली फुले आणून मोठ्या पातेल्यात पाण्यात सोडावीत, मध्ये तिवईवर वाटी ठेवावी, झाकण उलटे घालून त्यावर बर्फ ठेवावा आणि आच मंद ठेवावी. झाकणाच्या टोकावरून वाटीत थेंब थेंब पडतो तो अर्क. नुसती फुले उकळून गाळलेले तपकिरी पाणी म्हणजे काढा, आणि तो फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. अर्कही गडद बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवावा. त्यात कापसाच्या तंतूंसारखे काही तरंगू लागले किंवा पाणी गढूळ झाले, तर ते टाकून द्यावे.

प्रश्न : मोहम्मद अली रोडवरच्या युनानी दुकानात मिळणारे उस्तुखुद्दूस म्हणजे लॅव्हेंडरच ना? त्याचे पाणी चेहऱ्याला चालेल का? — एक वाचक, माझगाव

उत्तर : ते त्याच कुळातले आहे, परंतु त्याची जात निराळी, लॅव्हेंडुला स्टीकस. तिच्यात कापराचा अंश बराच असल्याने वास उग्र येतो. युनानी वैद्यकात ते डोक्याच्या तक्रारींवर इतरीफलातून, म्हणजे त्रिफळ्याच्या युनानी चाटणातून, देतात आणि हकीम तेथे मात्रा ठरवतात. त्याचे पाणी चेहऱ्यासाठी वापरू नये.