वाचकांचे प्रश्न : दोन वाटा असूनही सर्व्हर का गोठतो?

प्रश्न : मिरजेतील आमच्या रुग्णालयाचा लिनक्स सर्व्हर आयस्कझीने (नेटवर्कवरून दूरची डिस्क वापरण्याची पद्धत) स्टोरेजला जोडलेला आहे. दोन नेटवर्क कार्डे, दोन स्विच, मल्टीपाथही (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारी सोय) चालू. तरी चाचणीसाठी एक केबल काढली की केसपेपरचे संगणक दोन मिनिटांहून जास्त गोठतात, मग आपोआप चालू होतात. असे का?

उत्तर : वाट बदलते आहे, पण फार उशिरा. केबल निघाल्याचे आयस्कझीला लगेच कळत नाही. दर 5 सेकंदांनी तो स्टोरेजला पिंग करतो, उत्तराची 5 सेकंद वाट पाहतो आणि नंतर तुटलेले सेशन (स्टोरेजशी असलेली जोडणी) पुन्हा जोडण्यासाठी 120 सेकंद धडपडतो. तोवर अडकलेले वाचन-लेखन मल्टीपाथच्या हाती येतच नाही. एकच वाट असेल तिथे हा धीर योग्य आहे. तुमच्याकडे दुसरी वाट मोकळी असताना तो रुग्णांना रांगेत उभे करतो.

या 120 सेकंदांच्या मर्यादेचे नाव ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’. ती 120 वरून 5 करा. खोळंबा साधारण 15 सेकंदांवर येईल. मात्र नुसती कॉन्फिग फाइल बदलून भागत नाही. तो बदल पुढे नव्याने शोधलेल्या टार्गेटनाच (स्टोरेजवरील जोडणीच्या ठिकाणांनाच) लागतो. जुन्या प्रत्येक नोंदीत ‘आयस्कझी-ॲडमिन’ कमांडने आकडा बदलून त्या सेशनचे लॉगआउट-लॉगिन करा. पहिली वाट ‘मल्टीपाथ -एलएल’ या कमांडने दिसणाऱ्या यादीत पुन्हा ॲक्टिव्ह दिसल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

दोन्ही कार्डांचे आयपी पत्ते एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच उपविभागात) आहेत का, तेही बघा. तसे असल्यास लिनक्स दोन्ही सेशनची वाहतूक एकाच कार्डावरून पाठवू शकतो. ते कार्ड गेले की दोन्ही वाटा गेल्या. एकाला 192.168.10, दुसऱ्याला 192.168.20 अशी वेगळी सबनेट द्या. आणि ही कार्डे बाँडिंगने (अनेक कार्डे एकच असल्यासारखी वापरण्याची सोय) एकत्र बांधू नका, वाटा सांभाळणे मल्टीपाथवर सोडा.

दोन्ही वाटा एकदम गेल्या तर? मल्टीपाथच्या ‘नो पाथ रिट्राय’ या सेटिंगला ‘क्यू’ (वाट पाहत राहा) असेल तर प्रोग्राम अनिश्चित काळ लटकतात. ‘फेल’ असेल तर लगेच एरर येऊन फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊ शकते. डेटाबेससाठी आम्ही मधला आकडा सुचवू : मल्टीपाथची वाटांची तपासणी दर 5 सेकंदांनी असेल तर 12 वेळा, म्हणजे सुमारे एक मिनिट.

चाचणी ओपीडी बंद झाल्यावर, बॅकअप तपासून घ्या. मोठी फाइल कॉपी करत ठेवून एक केबल काढा, परत लावा, मग दुसरी काढा. एकच काढून समाधान मानले तर दुसऱ्या वाटेचे लॉगिनच झालेले नाही हे लपून राहते. शेवटी एकेका स्विचची वीज बंद करून पाहा. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर असतील तर आधी ते वेगळे करा.

प्रश्न : विट्यातील पतसंस्थेत सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी सांभाळणारी लिनक्सची सोय) ‘डुप्लिकेट पीव्ही’चा, म्हणजे एकच डिस्क दोनदा सापडल्याचा, इशारा देतो. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : मुळीच नको. एकच डिस्क दोन वाटांनी दोनदा दिसते. एलव्हीएमने मल्टीपाथऐवजी सुटी ‘एसडीबी’ (एकाच वाटेने दिसणाऱ्या डिस्कचे नाव) धरली तर ती वाट तुटताच व्यवहार थांबतील. एलव्हीएमच्या फिल्टरमध्ये (कोणत्या डिस्क पाहायच्या हे ठरवणारी सेटिंग) मल्टीपाथची नावे स्वीकारा, सुटी नाकारा. पण ऑपरेटिंग सिस्टिमची स्थानिक डिस्क एलव्हीएमवर असेल तर ती वगळू नका, नाहीतर सर्व्हर बूटच होणार नाही. त्यानंतर इनिट-रॅम-एफएस (बूट होताना सर्वांत आधी वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवा. ते राहिले तर बूट होताना जुनाच फिल्टर वापरला जातो आणि इशारा पुन्हा येतो.