गोठा राहू द्या, सिमेंट काढा

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमच्या मळ्यात पणजोबांच्या काळची वस्ती आहे. पाच खणांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, समोर गोठा, अंगणात धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव, पलीकडे मोटेची विहीर. जनावरं आता दोनच उरलीत. धाकटे बंधू म्हणतात, गोठा पाडू आणि त्या दगडात घराची डागडुजी करू. घराला खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केलाय, पण ओल वर चढतेच आहे. काय करावं?

उत्तर : ओल चढतेय ती त्या गिलाव्यामुळेच. दगड-मातीची भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि वाऱ्यावर सुकते. तिला खालून बंद केलीत, तर पाणी गिलाव्याच्या वर जाऊन फुटणार. ते तुळईच्या टोकांपर्यंत पोचलं, की वाळवी आलीच. गिलावा पूर्ण खरवडा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा. अंगणातली फरशी जोत्याच्या वर आली असेल तर ती आधी उतरवा. ओलीची तक्रार आली की मी भिंतीआधी अंगण बघतो, आणि बहुतेकदा दुखणं तिथंच सापडतं. नंतर मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करा. तो परवडत नसेल तर भुसा घातलेल्या मातीचा करून वरून सारवा.

आता धाबं. दर पावसाळ्याआधी पांढरी माती वर टाकायची आपल्याकडे रीत. टाकतात सगळे, जुनी काढत कोणी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं अशाच जाड धाब्यांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. जुने थर उतरवून वजन कमी करा, किलचण, म्हणजे मातीखालचा लाकडी पट्ट्यांचा थर, तपासा, मग बेताची नवी माती घाला. भिंतीला पोट आलं असेल तर तिथं आरपार जाणारे लांब दगड बसवून घ्या. हे काम जाणत्या गवंड्याचंच.

पेवात मात्र कुणाला उतरवू नका. बंद पेवात प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, आणि उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीच्या पेवांवर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले लोकही तोंड उघडून बराच वेळ थांबत. वापरायचं नसेल तर तोंडावर भक्कम दगडी झाकण बसवा आणि त्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका.

राहिला गोठा. त्याचे अनघड दगड घराच्या घडीव चिऱ्यांत बसणार नाहीत, हे बंधूंना कुठलाही गवंडी सांगेल. शिवाय तुमच्या ओसरीत सध्या काय पडलंय ते मी न बघता सांगतो : द्राक्षाचे क्रेट, ठिबकच्या नळ्या आणि फवारणीचा पंप. फवारणीचं औषध सोडून बाकी सगळं गोठ्यात जाऊ द्या. दोन जनावरांपुरती दावण आणि गव्हाण ठेवा, उरलेली जागा सामानाला. छपरावरची कौलं फुटली असतील तर तेवढीच बदला. पत्रा टाकाल तर एप्रिलमध्ये गुरं आत उभी राहणार नाहीत.

विहिरीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगतो. बैलांची धाव (मोट ओढताना बैल चालतात तो उतार) आणि थारोळं (मोट रिकामी होते ते कुंड) शाबूत असेल तर हात लावू नका. बंधूंना घेऊन साताऱ्याजवळ लिंबची १७१९ ते १७२४ मधली बारामोटेची विहीर बघून या. पुढच्या पत्रासोबत तुमच्या विहिरीचा धावेच्या बाजूनं काढलेला फोटो पाठवा, म्हणजे काठाच्या बांधकामाबद्दल नेमकं सांगता येईल.