केस आले, तरी सलाईन का चालू?

‘ताई, केमो संपून दोन महिने झाले, केस उगवू लागलेत. तरी दर 3 आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबचं सलाईन चालूच. 18 पैकी 7 डोस झाले. सासूबाई विचारतात, “बरी झालीस ना, मग अजून किती?” आजार उरलाय आणि डॉक्टर लपवतायत, असं रात्री वाटत राहतं.’
– एक वाचक, मिरज

बाई गं, आधी त्या रात्रीच्या भीतीचं बोलू. तुझी स्तनातली गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं, वाढ भडकवणारं प्रथिन जास्त होतं; ते रोखायला हे औषध. 18 डोस म्हणजे साधारण वर्ष, आणि हे वर्ष पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. डोस चालू आहेत याचा अर्थ गाठ उरलीय असा होत नाही; नजरेला न दिसणारी एखादी पेशी राहिली असेल, तर ती वाढू नये म्हणून ते देतात. दोन वर्षं देऊनही पाहिलं गेलंय, त्यात जास्त फायदा दिसला नाही. म्हणून वर्षावर थांबतात.

हे केमो नव्हे. या औषधाने केस सहसा जात नाहीत. थकवा येतो, नाक गळतं, कधी जुलाब होतात. थंडी-ताप येतो तो बहुधा पहिल्या डोसलाच. माझ्या बहिणीबरोबर मी वर्षभर हॉस्पिटलच्या डे-केअरला बसले आहे. सलाईन अर्ध्या तासाचं, पण रक्ततपासणी, फाइल, औषध येण्याची वाट यात दिवस जायचा. तेव्हा यजमानांना अर्धी नको, पूर्ण रजा टाकायला सांग.

एका गोष्टीत मात्र हयगय नको: टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हे औषध काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी करतं, म्हणून दर 3 महिन्यांनी ती तपासणी. पंपिंग उतरलं तर डोस काही काळ थांबवतात, आणि बहुतेकींचं पुन्हा सुधारतं. जिना चढताना नव्याने धाप लागली, आडवं झाल्यावर गुदमरलं, पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन कर.

लग्नकार्य, दिवाळी आली की तारीख पुढे ढकलायचा मोह होतो. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर पुन्हा पहिल्यासारखा मोठा डोस द्यावा लागतो, म्हणून आधीच डॉक्टरांशी बोल. दिवस राहू नयेत ही काळजी शेवटच्या डोसनंतरही 7 महिने घ्यायची.

आणि आठव्या डोसला सासूबाईंना बरोबर ने. ‘अजून किती?’ हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारू दे, तुझ्यासमोर.